शिट्टी वाजेपर्यंत

मोठ्या पराभवासाठी मराठीत एक शब्द कायमचा ठरून गेला आहे : पानिपत. परीक्षेत, निवडणुकीत, गावच्या कुस्तीत, कुठेही दाणादाण उडाली की आपण म्हणतो, "पानिपत झालं." २०२३-२४ च्या हंगामात आपल्या शहराच्या बेंगळुरू एफसी या फुटबॉल संघाचे असे पानिपत दोनदा झाले, आणि दोन्ही वेळा घरच्या कांतीरवा स्टेडियमवर. ८ डिसेंबर २०२३ रोजी मुंबई सिटीने ४-० ने हरवले. ११ एप्रिल २०२४ रोजी, हंगामातल्या शेवटच्या सामन्यात, मोहन बागानने पुन्हा तेवढ्याच गोलांनी हरवले. बारा संघांच्या तक्त्यात बेंगळुरू दहाव्या स्थानावर राहिला.

या लेखाचा विषय हरलेले अकरा खेळाडू नाहीत. तिकीट काढून, निळा शर्ट घालून बसलेल्या आणि चार गोल बघून घरी गेलेल्या माणसांविषयी मला लिहायचे आहे. कॅडेट्सच्या मासिकात हा विषय कशाला, असे कुणी विचारील. त्याचे उत्तर सोपे आहे. संघात अकराच जण असतात. उरलेले सगळे कुंपणाबाहेर असतात. आपल्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला आयुष्यात कुंपणाबाहेर उभे राहून आपल्या माणसांना हरताना बघण्याचेच प्रसंग जास्त येणार आहेत. त्या वेळी कसे वागावे हे मात्र कुठल्या तासाला शिकवले जात नाही.

मी मूळचा कोल्हापूरचा. तिथे फुटबॉल हा पेठेचा आणि तालमीचा मामला असतो. पाटाकडील, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही नावे तिथल्या पोराला पाढ्यांच्या आधी पाठ होतात. शाहू स्टेडियमवर आपली तालीम हरली की पेठेत त्या संध्याकाळी चहासुद्धा गप्प बसून पितात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कट्ट्यावर प्रत्येक जण प्रशिक्षक झालेला असतो. त्यामुळे हरल्यावर चिडणारा प्रेक्षक मला परका नाही. तो मला बरा वाटतो. ज्याला काही देणेघेणे नसते, तो कधीच चिडत नाही.

बेंगळुरूच्या प्रेक्षकाच्या चिडण्याला तर सबळ कारण होते. या शहराचे फुटबॉल जुने आहे. १९३७ साली बॅंगलोर मुस्लिम्स या इथल्या संघाने मुंबईत जाऊन रोव्हर्स कप जिंकला. ती स्पर्धा जिंकणारा तो पहिला भारतीय संघ. पुढच्या वर्षी त्यांनी ती पुन्हा जिंकली. ऑस्टिन टाउन आणि गौतमपुरा या वस्त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या खेळाडू दिले. गौतमपुऱ्यात तर पेलेचा पुतळा उभा आहे. मधल्या काळात हे सारे विस्मरणात जाऊ लागले होते. मग २०१३ मध्ये बेंगळुरू एफसी स्थापन झाला आणि पहिल्याच हंगामात आय-लीग जिंकून बसला. २०१५-१६ मध्ये पुन्हा जिंकला. २०१६ साली एएफसी कपच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. दोहा इथल्या त्या सामन्यात त्याला १-० ने हरवणारा संघ होता इराकच्या हवाई दलाचा, हे आपल्या कॅडेट्सना ऐकायला आवडेल. २०१९ मध्ये इंडियन सुपर लीग, २०२२ मध्ये सैन्यदलांकडून भरवली जाणारी ड्युरँड कप स्पर्धा. अशी सवय लागलेल्या प्रेक्षकाला दहावे स्थान आणि घरच्या मैदानावर चार-चार गोल पचणार कसे?

तेव्हा माझे पहिले म्हणणे असे की निष्ठा म्हणजे तोंड बंद ठेवणे, ही समजूत चुकीची आहे. "आपला संघ आहे, वाईट बोलू नये" असे सांगणारी माणसे सज्जन असतात, पण त्यांच्या सज्जनपणाने कुठलाही संघ सुधारलेला नाही. बचावफळी झोपली असेल तर झोपली असे म्हटलेच पाहिजे. प्रश्न चिडण्याचा नाही. चिडण्याचा हक्क कुणाला आणि तो कुणावर चालवायचा, एवढाच प्रश्न आहे.

यातल्या पहिल्या भागाचे उत्तर सुनील छेत्रीने २०१८ मध्ये देऊन ठेवले आहे. छेत्री हा फौजी बापाचा मुलगा. वडील सैन्याच्या ईएमई कोअरमध्ये होते. १ जून २०१८ रोजी मुंबईत अंधेरीच्या मैदानावर भारताने चायनीज तैपेईला ५-० ने हरवले. त्यातले तीन गोल छेत्रीचे. आणि बघायला किती माणसे होती? २,५६९. मुंबईसारख्या शहरात! दुसऱ्या दिवशी त्याने एक छोटा व्हिडिओ केला आणि हात जोडून लोकांना विनंती केली. त्याचा आशय असा होता, की आमच्यावर टीका करा, आम्हाला शिव्या घाला, पण मैदानावर येऊन घाला. घरी बसून नावे ठेवू नका. युरोपातले क्लब बघणाऱ्यांनाही त्याने सांगितले, की आमचा दर्जा त्यांच्याएवढा नाही हे आम्हाला ठाऊक आहे, तरी या. ४ जूनला केनियाविरुद्धचा सामना होता, छेत्रीचा भारतासाठी शंभरावा. सगळी तिकिटे संपली. धो-धो पावसात लोक उभे राहिले आणि भारत ३-० ने जिंकला.

जिंकून आलेला कर्णधार सांगतो आहे, की शिव्या घाला पण या. यातली मेख बघा. तो कौतुक मागत नव्हता, हजेरी मागत होता. रागावण्याचा हक्क हजेरीतून मिळतो. जो पावसात भिजला, ज्याने रविवारचे काम सोडून मेट्रो पकडली, ज्याचा घसा पहिल्या दहा मिनिटांतच बसला, त्याने शिट्टी वाजल्यावर चार शब्द सुनावले तर खेळाडूने ते ऐकून घ्यावेत. ज्याने नुसता निकाल वाचला, त्याचे मत ऐकण्याची सक्ती कुणावर नाही.

म्हणूनच मला खटकते ते अर्ध्यावर उठून जाणे. तिसरा गोल झाला की स्टेडियमचे जिने भरू लागतात. कुणाला शेवटची बस गाठायची असते, कुणाच्या कडेवर झोपलेले लेकरू असते; त्यांच्याविषयी मी बोलत नाही. मी बोलतो आहे ते "आता बघायचं काय?" म्हणून उठणाऱ्यांविषयी. कांतीरवा हे मुळात ॲथलेटिक्सचे स्टेडियम. मैदान आणि प्रेक्षक यांच्यामध्ये धावपट्टी आहे, त्यामुळे आवाज पोचवायलाही जोर लावावा लागतो. अशा ठिकाणी मैदानातल्या अकरा जणांना रिकाम्या होणाऱ्या खुर्च्या मात्र स्पष्ट दिसतात. त्यांना नव्वद मिनिटे संपेपर्यंत कुठे जाता येत नाही. मग आपण का जावे? वेस्ट ब्लॉक ब्लूज हा इथल्या पाठीराख्यांचा गट क्लबच्या पहिल्या हंगामापासून आहे. संघ हरत असतानाही त्यांचा ढोल वाजत राहतो, आणि त्या आवाजाची खरी किंमत ०-३ झाल्यावर कळते. २-० ने पुढे असताना ढोल कुणीही वाजवील.

आता दुसरा भाग : राग कुणावर काढायचा? जमावाचा राग पाण्यासारखा असतो, सखल जागा शोधतो. संघ हरला की ही सखल जागा बहुतेक वेळा गोलरक्षक असते. १६ जुलै १९५० रोजी रिओच्या माराकाना स्टेडियमवर सुमारे दोन लाख माणसांसमोर ब्राझील उरुग्वेकडून १-२ ने हरला. नुसती बरोबरी साधली असती तरी ब्राझील विश्वविजेता झाला असता. हरलेले अकरा होते, पण देशाने बोट दाखवले ते मुख्यतः गोलरक्षक मोआसिर बार्बोसाकडे. संघाचा पांढरा शर्टसुद्धा अपशकुनी ठरवून पुढे बदलला गेला आणि आज जगाला ठाऊक असलेला पिवळा शर्ट आला. शर्टाची सुटका झाली, बार्बोसाची झाली नाही. २००० साली तो वारला. पन्नास वर्षे तो त्या एका गोलाखाली जगला. त्याने पन्नास वर्षांत काय सुधारावे अशी त्या लोकांची अपेक्षा होती? काहीच नाही. त्यांना सुधारणा नको होती, आपले दुःख ठेवायला एक खुंटी हवी होती.

इथे दोन गोष्टी वेगळ्या काढता आल्या पाहिजेत : जबाबदारी ठरवणे आणि बळी देणे. बेंगळुरूच्या त्या हंगामात दोन्ही ०-४ नंतर क्लबने काय केले ते बघण्यासारखे आहे. डिसेंबरच्या पराभवानंतर दुसऱ्याच दिवशी प्रशिक्षक सायमन ग्रेसन यांना निरोप दिला गेला. याच ग्रेसन यांनी आदल्या हंगामात संघाला तीन अंतिम सामन्यांपर्यंत नेले होते : ड्युरँड कप जिंकला, आयएसएलचा अंतिम सामना पेनल्टीवर गेला, सुपर कपचा अंतिम सामना १-२ ने गेला. मग जेरार्ड झारागोझा आले. त्यांच्या हाताखालीही संघ एप्रिलमध्ये तसाच ०-४ हरला आणि दहावा आला. पण या वेळी क्लबने त्यांना ठेवले. २९ मार्च २०२५ रोजी याच कांतीरवावर, बाद फेरीच्या सामन्यात, याच मुंबई सिटीला बेंगळुरूने ५-० ने हरवले.

एक निर्णय चूक आणि दुसरा बरोबर, असे मी म्हणत नाही. प्रशिक्षक बदलणे हा कामाचा भाग आहे; फौजेतही कमान बदलते. पण ज्यांनी ११ एप्रिलच्या रात्री "यालाही हाकला" असा घोष केला असता, त्यांना २९ मार्चची रात्र बघायला मिळाली असती की नाही, हा विचार प्रत्येक पाठीराख्याने करावा. पहिल्या रात्रीचा राग खरा असतो, पण त्या रागातून सुचलेला निर्णय खरा असेलच असे नाही. सैन्यात सरावानंतर किंवा कारवाईनंतर चूक शोधायला बसतात, तेव्हा "काय घडले" हा प्रश्न आधी येतो आणि "कोण चुकला" हा नंतर. प्रेक्षकाने एवढा क्रम पाळला तरी पुष्कळ आहे.

त्या दोन सामन्यांची आणखी एक गंमत सांगतो. डिसेंबर २०२३ मध्ये राहुल भेके मुंबई सिटीकडे होता. हा मुंबईचा मराठी मुलगा. २०१९ च्या आयएसएल अंतिम सामन्यात जादा वेळेत, ११७ व्या मिनिटाला डोक्याने गोल मारून बेंगळुरूला विजेतेपद मिळवून देणारा तोच. अर्जेंटिनाचा होर्हे परेरा दियाझही तेव्हा मुंबईकडेच होता. २०२४ मध्ये हे दोघेही बेंगळुरूकडे आले आणि त्या ५-० च्या हंगामात निळ्या शर्टात होते. म्हणजे ज्या माणसांमुळे आपण एकदा हरलो, त्यांच्याच नावाने आपण पुढे टाळ्या वाजवल्या. यात लाजण्यासारखे काही नाही. खेळाडूची ती नोकरी आहे. पण मग प्रश्न येतो : खेळाडू बदलतात, प्रशिक्षक बदलतात, तर आपली निष्ठा नक्की कशाशी असते?

फौजेत याला तीन शब्दांचे उत्तर आहे : नाम, नमक, निशान. पलटणीतला जवान निवृत्त होतो, कमांडिंग ऑफिसर बदलतो, पण पलटण तीच राहते, कारण तिचे नाव सांभाळणारा कुणीतरी कायम असतो. क्लबच्या बाबतीत ते काम प्रेक्षक करतो. ०-४ लक्षात ठेवणारा तो, ११७ वे मिनिट लक्षात ठेवणारा तो, आणि आपल्या मुलाला खांद्यावर बसवून पहिल्यांदा वेस्ट ब्लॉकमध्ये नेणाराही तोच.

यावर एक आक्षेप मला माझ्याच एका सहकाऱ्याने घेतला. तो म्हणाला, "सर, क्लब ही कंपनी असते. तुम्ही हरल्यावरही तिकीट काढणार असाल, तर मालकाला सुधारायची गरजच काय?" आक्षेप वजनदार आहे. आंधळी निष्ठा व्यवस्थापनाला सुस्त करू शकते, हे मला मान्य आहे. म्हणून तर मी टीकेच्या बाजूने बोललो. पण प्रेक्षकाने पाठ फिरवली म्हणून क्लब सुधारतातच असे नाही. पुष्कळदा ते बंद पडतात. २०२५ च्या जुलैत आयएसएलच्या आयोजकांनी पुढचा हंगाम स्थगित ठेवला आणि ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीने आपल्या मुख्य संघाचे पगार थांबवल्याचे जाहीर केले. त्या दिवसांत ०-४ ची आठवणसुद्धा हवीशी वाटू लागली. हरायला का होईना, सामना तरी असतो! रिकामे स्टेडियम कुणालाही काही शिकवत नाही.

आणि निष्ठेचे फळ मिळतेच, असेही मी सांगणार नाही. त्या ५-० नंतर बेंगळुरूने उपांत्य फेरीत गोव्याला हरवले आणि १२ एप्रिल २०२५ रोजी कोलकात्यात अंतिम सामन्यात जादा वेळेत मोहन बागानकडून १-२ ने हरला. फळाच्या आशेने उभे राहायचे असेल तर जिंकणाऱ्या संघाचा पाठीराखा होणे सोपे. दर हंगामाला नवा शर्ट घ्यायचा, झाले.

याच शहरातली क्रिकेटची गोष्टही डोळ्यांसमोर ठेवावी. २३ एप्रिल २०१७ रोजी आरसीबीचा संघ कोलकात्यात ४९ धावांत बाद झाला. तरी शहराने त्यांना सोडले नाही. ३ जून २०२५ रोजी, अठराव्या हंगामात, पहिले विजेतेपद आले. दुसऱ्या दिवशी चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर चेंगराचेंगरीत ११ जणांचा जीव गेला. गर्दी आवरण्याची जबाबदारी कुणाची, तो भाग वेगळा आणि गंभीर आहे. आपल्यापुरते एवढे घेऊ, की अठरा वर्षे पराभव सोसलेल्या गर्दीवरही विजयाच्या दिवशी असा प्रसंग येऊ शकतो. पाठीराखा होणे ही हरताना आणि जिंकताना, दोन्ही वेळा शिस्त मागणारी गोष्ट आहे.

आता आपल्या मैदानाकडे येतो. कॅडेट मित्रांनो, इंटर-हाऊस सामन्यात आपले हाऊस हरू लागले की कुंपणावरचा आवाज कसा बदलतो, हे मी बरीच वर्षे ऐकत आलो आहे. पहिल्या गोलानंतर "कम ऑन", दुसऱ्यानंतर शांतता, तिसऱ्यानंतर गोलरक्षकाचे टोपणनाव. रात्री मेसमध्ये त्याच्या ताटाशेजारची जागा रिकामी राहते. हे ताट मी पाहिले आहे. तो मुलगा दहावीत असतो, पंधरा वर्षांचा. बचावफळी तीनदा फुटली म्हणून चेंडू त्याच्यापर्यंत आला, हे सगळ्यांना माहीत असते, पण सांगायला कुणी उठत नाही. त्याच्याशेजारी जाऊन बसायला फार मोठे धैर्य लागत नाही. तिथे बसून "दुसऱ्या गोलाला पुढे यायला हवं होतंस" असेही खुशाल सांगा. ते त्याला चालेल. त्याला न चालणारी गोष्ट एकच, ती म्हणजे रिकामी जागा.

पालकांसाठीही दोन शब्द. तुमची मुले इथून एसएसबीला जातील. पाच दिवसांच्या त्या परीक्षेतून, चांगली तयारी असूनही, बहुतेक जण पहिल्या वेळी परत येतात. त्या संध्याकाळी मुलगा स्टेशनवरून फोन करतो. "शेजारच्यांचा झाला, तुझा कसा नाही?" हा त्या वेळचा पहिला प्रश्न असेल, तर तो तिसऱ्या गोलानंतर जिना उतरणाऱ्या प्रेक्षकाचा प्रश्न आहे. तुम्हाला वाईट वाटणार, राग येणार. त्याच्या तयारीत खोट असेल तर ती दाखवण्याचा हक्क तुम्हाला आहेच, कारण इतकी वर्षे तुम्ही प्रत्येक सामन्याला हजर होता. फक्त ते बोलणे दुसऱ्या दिवशीसाठी ठेवा. त्या संध्याकाळी गाडी किती वाजता पोचते तेवढे विचारा आणि स्टेशनवर घ्यायला जा.

पानिपतावर महादजी शिंदे जखमी झाले आणि पायाने कायमचे अधू झाले. दहा वर्षांनी, १७७१ मध्ये, त्यांच्याच पुढाकाराने मराठी फौजा पुन्हा दिल्लीत गेल्या. खेळाची आणि युद्धाची बरोबरी मी करत नाही; एकात माणसे मरतात, दुसऱ्यात फक्त रात्रीची झोप जाते. पण "पानिपत झालं" म्हणून आपण जिथे वाक्य संपवतो, तिथे ते संपलेले नसते. पुढच्या शनिवारी इंटर-हाऊसचा परतीचा सामना आहे. मागचा निकाल सगळ्यांना माहीत आहे. कुंपणाशी किती जण उभे राहतात, आणि शिट्टी वाजेपर्यंत किती उरतात, हे मी मोजणार आहे.